महानंदाचे दोन पांढरे दात

"मग दोनच करा की म्याडम. समोरचे. बाकीचे फुडच्या वर्षी बघू."

गौराताई खुर्चीशेजारी उभ्या राहून बोलत होत्या. त्यांची मुलगी महानंदा खुर्चीत आ वासून पडली होती. दुपारचे दोन वाजून गेले होते, मी जेवले नव्हते आणि बाहेर अजून चार पेशंट बसले होते. सोलापुरात दातांचा दवाखाना चालवून मला बावीस वर्षं झाली. घासाघीस मला नवी नाही. पण त्या दिवशी अंगात वाद घालायचं त्राणच नव्हतं.

महानंदा कुंभारीकडच्या एका शाळेत बालवर्गाला शिकवते. वय सव्वीस. लहानपणापासून बोअरचं पाणी पिऊन दातांवर पिवळे-तपकिरी डाग पडलेले. आमच्या भागात असे दात बरेच दिसतात. बाकी दात भक्कम, एकही किडलेला नाही. तिला स्वतःला त्या डागांचं काही वाटत नव्हतं. पोरांबरोबर गाणी म्हणायची, खळखळून हसायची. तक्रार आईची होती. एका स्थळानं फोटो बघून 'दात पिवळे आहेत' असा निरोप पाठवला होता.

आईनं मोबाइलवर व्हीनियर बघितलं होतं. व्हीनियर म्हणजे दाताच्या दर्शनी बाजूवर चिकटवायचं पोर्सिलेनचं पातळ आवरण. बायका नखांवर खोटी नखं लावतात, तसंच काहीसं. फरक एवढाच की ते बसवायला खालचा दात थोडा घासावा लागतो. घासलेला दात परत येत नाही. हे मी प्रत्येकाला सांगते, आणि प्रत्येक जण मान डोलावून पुढचा प्रश्न विचारतो, "किती होतील?"

हसताना दिसतात त्या सहा दातांचा आकडा ऐकून गौराताई स्टुलावर बसल्या.

"ब्लीचिंग करू," मी म्हटलं. "डाग फिके होतील. खर्च बराच कमी."

"फिके? जानार न्हाईत?"

"पूर्ण नाही. नाहीतर कॉम्पोझिट करू, दाताच्या रंगाचा लेप. पण तो काही वर्षांत रंग धरतो."

"मग कशाला त्ये?"

"नाहीतर सहाही करू, पैसे हप्त्यानं द्या."

"हप्ता नको बगा. ह्यांला उधारी चालत न्हाई." मग त्यांना एकदम सुचलं. त्यांनी हात पुढे केला. "ह्या बांगड्या हायत न्हवं? दोन लग्नात आल्या, दोन बारशाला केल्या, दोन मागच्या दिवाळीला. एकदम कोन करतंय? तसंच करू."

मला तेव्हाच नाही म्हणायला हवं होतं. बांगड्या कपाटात वाट बघत बसू शकतात. दात रोज चारचौघांत असतात. पण मी म्हटलं, "बरं." खरं सांगायचं तर नव्या खुर्चीचं कर्ज डोक्यावर होतं, आणि केस हातची जावी असं मला वाटत नव्हतं.

दुसरी चूक रंग निवडताना झाली. आमच्याकडे शेड गाइड असतं, म्हणजे दातांच्या रंगांच्या नमुन्यांची पट्टी. मी शेजारच्या दातांना जुळणारी छटा काढली. गौराताईंनी थेट शेवटच्या पांढऱ्याशुभ्र नमुन्यावर बोट ठेवलं.

"ताई, हा शेजारच्या दातांत उठून दिसेल."

"पिवळंच बसवायचं तर पैसं कशाला द्यायचं म्याडम?"

मी तोच नमुना लिहून घेतला. बाकीचे चार झाले की सगळे सारखे दिसतील, अशी मी स्वतःची समजूत घातली. महानंदाला कुणीच विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

पुढच्या वर्षीचे चार कधी झालेच नाहीत. महानंदाच्या धाकट्या भावाची इंजिनीअरिंगची अॅडमिशन आली.

त्यानंतर सात-आठ महिन्यांनी महानंदा एकटीच आली. ओढणीचं टोक तोंडावर धरून बसली होती. ओढणी खाली घेतली आणि मला माझंच काम बघवेना. पिवळ्या रांगेत मधोमध दोन दात ट्यूबलाइटसारखे पेटलेले.

"पोरं विचारतात, टीचर, तुमचे दोन दात खोटे आहेत का," ती म्हणाली. "मी गाणी मोबाइलवर लावते आता. माझे जुने दात परत द्या की मॅडम."

"ते घासले गं."

"मग जुन्यासारखे तरी करून द्या. पिवळे."

मला फार लाज वाटली. तिला म्हटलं, याचे पैसे मी घेणार नाही. आधी बाकीच्या दातांचं ब्लीचिंग केलं, डाग जमतील तेवढे फिके केले. रंग स्थिरावायला दोन आठवडे थांबलो. मग ते दोन व्हीनियर घासून काढले आणि नव्यांसाठी माप लॅबला पाठवलं. लॅबवाल्या रहीमभाईंचा लगेच फोन आला.

"मॅडम, शेड गलत लिखे क्या? पीला लिखे तुम."

"बरोबर आहे. वर थोडा तपकिरी डागही टाका, सोबतच्या फोटोत शेजारच्या दातांवर आहे तसा."

"डाग?" ते म्हणाले. "अल्ला, पैसे देके डाग!"

काम मात्र त्यांनी सुरेख केलं. नवे दोन बसवले तेव्हा कोणते खोटे ते मलाही वाकून बघावं लागलं. या वेळी बरोबर आलेल्या गौराताई तिची हनुवटी हलवून हलवून बघत होत्या.

"आगं, ह्ये तर पयल्यासारकंच दिसतंय की! पैसं पान्यातच गेलं म्हनायचं."

महानंदा हसली. तोंडावर हात न घेता, पूर्ण.

तेव्हापासून माझा एक नियम आहे. परवडत नसेल तर मी स्वस्तातला उपाय सांगते, पैशांचे हप्ते करून देते, कधी कधी 'घरी जा, तुमचे दात चांगले आहेत' असंही सांगते. दातांचे हप्ते करत नाही. यामुळे काही केसेस जातात. जाऊ देत.

महानंदाच्या त्या दोन दातांना मात्र आता दर दहा-पंधरा वर्षांनी नवं आवरण लागणार, जन्मभर. माझ्याकडे आले तेव्हा त्यांना काहीच झालेलं नव्हतं. ते फक्त पिवळे होते.