ओसरीवरचं वाचन

औरादमधल्या आमच्या गल्लीतलं बायकांचं वाचन मंडळ मी जवळजवळ बंद पाडलं होतं, तेही सुधारणा करतो म्हणून. त्याची हकीकत सांगायची तर आधी हे कबूल करायला हवं.

मंडळ सुरू झालं आमच्या ओसरीवर, उडदाच्या पापडांबरोबर. गल्लीतल्या बायका दुपारी लाटायला बसायच्या आणि माझी बायको मोठ्यानं कादंबरी वाचायची. नियम एकच: वाचणारीच्या वाट्याचे पापड बाकीच्यांनी लाटायचे. मग काय, वाचायला भांडणंच लागली! शेजारच्या अक्कांना अक्षरओळख नव्हती, पण नायिका चुकली की त्या लाटणं उगारून तिला कानडीत झापायच्या. पापड संपले की शेवया, त्या झाल्या की गोधड्या. वाचन काही थांबायचं नाही.

मी शाळामास्तर. पुस्तकाला लागलेलं पीठ मला बघवेना. शाळेतली खोली मिळवली, खुर्च्या मांडल्या, हातातलं काम बंद करायला लावलं आणि दर शनिवारी लेखकाविषयी स्वतःच तासभर बोलू लागलो. बायका गळत गेल्या. एका शनिवारी श्रोता एकच उरला, माझी बायको.

"बायकांना वाचायचंच नसतं," मी घरी येऊन चिडलो.

"पोळपाट घेऊन निघालं की कोणती सासू अडवत न्हाई," ती म्हणाली. "रिकाम्या हातानं निघालं की लगेच, कामून चाललीस? कुठं चाललीस? तुमच्या खुर्चीवर बसायला त्यांना घरून कोण सोडतंय?"

इतक्या वर्षांच्या संसारात हे माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन सांगितलं, पुन्हा ओसरीवरच या.

"येताव की," अक्का म्हणाल्या. "पन मास्तर, तुमी बोलनार न्हाई ना?"

"एकदाच बोलतो, अक्का. मग न्हाई."

सगळ्या आल्या. पोळपाट मांडले गेले, पुस्तक उघडलं. मी दारात उभा राहून घसा खाकरला.

"झालं, भाषण सुरू!" अक्का ओरडल्या. ओसरीभर हसू फुटलं. ते ओसरेपर्यंत मी थांबलो.

"वाचन तुमचं होतं," मी म्हणालो. "ते मी हिसकावून घेतलं आणि वर तुम्हालाच नावं ठेवली. चुकलं माझं. मला माफ करा."