कापलेल्या कादंबरीचा चौथा भाग

पुस्तक फाडणाऱ्या माणसाचा मला लहानपणापासून राग. पानाचा कोपरा दुमडला तरी मी दुमडणाऱ्याशी आठवडाभर धड बोलत नसे. आणि त्याच मी एका रविवारी अमळनेरच्या घरी, स्वयंपाकाच्या ओट्यावर, एका साडेचारशे पानी कादंबरीचे स्वतःच्या हातानं सहा तुकडे केले. भाजीची सुरी चालेना म्हणून शेवटी ब्लेड घेतलं. नवरा दारात उभा राहून बघत होता. "आता माणसांचा नंबर कधी?" एवढंच विचारून तो पेपर वाचायला गेला.

कारण अगदी साधं होतं. सकाळच्या पॅसेंजरनं अमळनेर-जळगाव अपडाउन करणाऱ्या आम्ही सहा जणी आणि कादंबरी एकच. मानसिक थरारकथा म्हणतात तसली. डोंगरातल्या एका बंगल्यातून एकेक पाहुणी नाहीशी होते आणि वाचणाऱ्याचा प्रत्येकावर संशय जातो. दिवाळीला तिच्यावरचा सिनेमा लागणार होता आणि त्याआधी सगळ्यांनी वाचून काढायची असं ठरलं होतं. एकीचं झालं की दुसरीला, असं केलं असतं तर शेवटच्या बाईची पाळी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला आली असती. माझ्यात तेवढा धीर नाही. म्हणून सहा भाग, सहा बायका, वाचून झाला की अदलाबदल. क्रमानं वाचायचं, असंही मी बजावलं. सहा जणींच्या हातात एकाच दिवशी सहा वेगळे भाग पडल्यावर क्रम कुठून राहणार, हे माझ्या डोक्यातच आलं नाही. मी कचेरीत फायली लावायचं काम करते, हे इथे सांगायला जरा लाजच वाटते.

आमच्या डब्यात नावं कमी आणि स्टेशनं जास्त. धरणगावला चढायची ती धरणगाववाली. ती आयटीआयमध्ये शिवणकाम शिकवायची. सुट्या भागांची पानं गळतील म्हणून तिनं सहाही भाग घरी नेले, जाड दोऱ्यानं शिवले आणि मुलींच्या सरावाच्या चिंध्यांतून प्रत्येकाला कापडाचं कव्हर घातलं. चौथ्या भागाला पिवळं, बारीक फुलांचं कापड होतं. आमच्यात स्टेशनाच्या नावानं न ओळखली जाणारी एकटी अक्का. नवऱ्याच्या जागेवर शिपाई म्हणून लागलेली, निवृत्तीला आलेली, आवाज असा की टाकरखेड्याला बोलली तर धरणगावला ऐकू जावं. ती ओठ हलवत हळूहळू वाचायची, पण एक अक्षर सोडायची नाही.

अक्काच्या वाट्याला नेमका सहावा, म्हणजे शेवटचा भाग आला. मग काय विचारता! खुनी कोण हे तिला चार दिवसांत कळलं आणि पुढचा महिनाभर तिनं आमच्यावर राज्य केलं. कोणी कळण्याची भाकरी आणली की अक्का एक खूण सांगायची. ठेचा असला तर दोन. पहिला भाग वाचणारी बंगल्याच्या मालकिणीवर डोळा ठेवून होती, तिसरा भाग वाचणारी डॉक्टरवर, आणि मी दुसऱ्या भागाच्या जोरावर डॉक्टरच्या बायकोबद्दल पैज लावायला तयार होते. आम्ही पाळधीपर्यंत भांडायचो आणि अक्का भाकरी मोडत हसायची. इतकं सुख मला कुठल्याच पुस्तकानं दिलेलं नाही.

धरणगाववालीकडे आला चौथा भाग. आयटीआयच्या परीक्षांमुळे तिनं तो महिन्याभरानं उघडला आणि पहिल्याच दिवशी गिरणेचा पूल येईपर्यंत रडली. आम्हाला कळेना, खुनाच्या पुस्तकात रडण्यासारखं काय आहे. ती म्हणाली, यात खून नाहीच. एक मुलगा आहे, त्याला सगळे नुसतं धाकटा म्हणतात. त्याला कसले कसले आवाज ऐकू येतात. घरच्यांनी त्याला मागच्या खोलीत कोंडून ठेवलंय.

अक्कानं तोंडातला घास तसाच ठेवून आपल्या अहिराणीत सांगून टाकलं, "वं बाई, तोच तर खुनी शे! मोठा व्हईसन बंगलाना रखवालदार व्हस तो."

महिनाभर सांभाळलेलं गुपित असं फुकट गेलं म्हणून आम्ही अक्कावर तुटून पडलो. त्या गोंधळात धरणगाववाली फक्त "असू दे" म्हणाली. ते माझ्या कानावर आलं, पण मी लक्ष दिलं नाही.

द्यायला हवं होतं. कारण तिच्या भावाचं आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. तो नऊ वर्षं लांबच्या एका मनोरुग्णालयात होता. त्याच्या डोक्यात आवाज यायचे. पूर्वी एकदा तो गल्लीतून ओरडत धावला होता तेव्हा लोकांनी त्याला चोप दिला होता. आता तो बरा होता. डॉक्टरांनी कळवलं होतं की गोळ्या रोज आणि इंजेक्शन महिन्याला, एवढं सांभाळलं तर याला घरी न्यायला हरकत नाही, फक्त घरच्या माणसानं येऊन सही करावी. घरचं माणूस म्हणजे हीच. आई थकलेली. समोरच्या घरातल्यांनी सांगून ठेवलं होतं की तो आला तर आम्ही पोरांना अंगणात सोडणार नाही. सही करावी की करू नये, यात ती चार महिने अडकली होती. हे ती आम्हाला गाडीत तुकड्या-तुकड्यानं सांगायची आणि आम्ही "होईल गं सगळं नीट" म्हणून पुन्हा डॉक्टरच्या बायकोकडे वळायचो.

चौथा भाग तिनं परत दिलाच नाही. मागितला की म्हणायची, अजून व्हायचाय. मीच मग बाकीच्यांना म्हटलं, "राहू द्या. बालपणाबिलपणाचं असणार काही. त्याच्यावाचून काही अडत नाही." आणि खरंच अडलं नाही. पाच भागांत आमची कादंबरी वाचून झाली.

दिवाळीनंतरच्या शनिवारी आम्ही सहाही जणी जळगावला सिनेमाला गेलो. सिनेमावाल्यांचंही चौथ्या भागावाचून काही अडलं नव्हतं. त्यांनी बालपण पार गाळून टाकलं होतं. पडद्यावरचा रखवालदार पहिल्यापासून डोळे फिरवत, केस पिंजारून, एकटाच हसत हिंडत होता, त्यामुळे खुनी कोण हे मध्यंतराआधीच शेंबड्या पोरालाही कळलं असतं. शेवटी त्याला कड्यावरून ढकलतात. थिएटर उभं राहिलं. शिट्ट्या, टाळ्या. अक्कानं टाळ्या वाजवल्या, मीही वाजवल्या. धरणगाववाली माझ्या शेजारी बसली होती, पण मी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

परतीच्या गाडीत नेहमीचा वाद झाला. पुस्तक चांगलं की सिनेमा? अक्का सिनेमाच्या बाजूची होती, कारण त्यात ओठ हलवावे लागत नाहीत. मी पुस्तकाची बाजू घेऊन तावातावानं बोलत होते. मध्येच धरणगाववालीनं मला विचारलं, "ताई, असे लोक असेच असतात, असं वाटतं का हो तुम्हाला?"

"असणारच की," मी म्हटलं. "उगाच का कोणी दाखवेल?"

बोलून मी पुन्हा अक्काकडे वळले. धरणगाव आलं तशी ती उतरून गेली. सोमवारी ती गाडीला नव्हती. मंगळवारी नाही, बुधवारीही नाही. बुधवारी तिची रिकामी जागा बघताना माझं वाक्य मला आठवलं. मला स्वतःचा इतका राग आला की त्या दिवशी कचेरीत मी विनाकारण दोघांवर खेकसले.

रविवारी मी तिच्या घरी गेले. ती मशीनवर शर्ट शिवत होती. तिनं पाणी दिलं, चहा ठेवला. मी आडूनपाडून काहीतरी बोलायला लागले तशी ती मशीन थांबवून म्हणाली, "ताई, गल्लीचं मला काही वाटत नव्हतं. ती माणसं भीतीनं बोलतात. पण तुम्ही पाच जणी शिकलेल्या, रोज माझ्यासोबत बसणाऱ्या, त्याची सगळी हकीकत माहीत असलेल्या. तुम्हालाच असं वाटतं, तर मी त्याला कोणाच्या भरवशावर आणू?" रुग्णालयाचा फॉर्म मशीनच्या खणात तसाच होता. सही केलेली नव्हती.

मी म्हटलं, "माझं चुकलं." ती म्हणाली, "आधी वाचा," आणि पिवळ्या कव्हरचा भाग माझ्या हातात ठेवला. माफ केलं असं काही ती म्हणाली नाही. मीही ते मागितलं नाही.

मी तो परतीच्या एसटीत वाचला आणि उरलेला घरी. धाकट्याच्या मागच्या खोलीला एक खिडकी असते. त्या खिडकीतून गाडीचा थांबा दिसतो. मोठी बहीण लग्न होऊन जाताना म्हणालेली असते, तुला न्यायला येईन. तो रोज संध्याकाळी गाडीतून उतरणारी माणसं बघत उभा राहतो. माझं ब्लेड नेमकं तिथेच चाललं होतं. वाक्यही पुरं न होता भाग संपतो आणि तो मुलगा खिडकीत उभाच राहतो. पाचवा भाग मी आधीच वाचला होता. त्याच्या पहिल्याच पानावर एका ओळीत येतं की बहीण कधी आली नाही. ती ओळ मी तेव्हा खुनी शोधायच्या घाईत ओलांडून गेले होते. आता मी ओट्यापाशी बसून रडले. नवऱ्यानं दारातून पाहिलं आणि या वेळी आत येऊन चहा टाकला.

चौथा भाग मी अक्काला दिला. तिनं तो बारा दिवस वाचला. तेराव्या दिवशी ती तो घेऊन गाडीत आली. धरणगाववाली पुन्हा यायला लागली होती, पण दाराजवळ उभी राहायची. अक्का उठून तिच्याजवळ गेली, पिवळा भाग तिच्या हातात परत दिला आणि म्हणाली, "सही करी टाक. गल्लीनं काय ते मी देखस." तेवढंच. अक्का धरणगावच्या गल्लीचं काय बघणार होती कोण जाणे, पण दोन रविवार ती धरणगाववालीच्या घरापुढच्या ओट्यावर जाऊन बसून आली एवढं खरं.

आखाजीला बहिणी माहेरी येतात. त्या वर्षी आखाजीच्या आदल्या दिवशी धरणगाववालीकडे तिचा भाऊ आला.

नंतर महिन्याभरानं, इंजेक्शनच्या दिवशी, ती त्याला घेऊन आमच्या डब्यात चढली. चाळिशीचा, बारीक, भांग नीट पाडलेला, अंगात तिनं शिवलेला नवा शर्ट. हात थोडे थरथरत होते, गोळ्यांनी होतं तसं. आणि मी, जी रडले होते, चूक कबूल करून आले होते, त्याच मी शेजारची पर्स उचलून मांडीवर घेतली. हात आपोआप गेला. धरणगाववालीनं ते पाहिलं. लाजेनं मला पर्स परत खाली ठेवायचीही हिंमत होईना.

अक्का सरकली. "भाऊ, आठे बठ. खिडकीजोडे."

तो बसला. पिशवीतून त्यानं पिवळ्या कव्हरचा भाग काढला. घरी असलेलं तेवढंच पुस्तक, बहिणीनं दिलं असणार. पानं हाताळून मऊ झालेली. बराच वेळ तो बाहेर केळीच्या बागा बघत राहिला. मग आमच्याकडे वळून त्यानं हळूच विचारलं, "या पोऱ्यानं पुढे काय व्हयनं?"

एरवी गोष्ट सांगायला एकमेकींच्या वरचढ होणाऱ्या आम्ही बायका एकमेकींकडे बघायला लागलो. धरणगाववालीनं मान खाली घातली. तिनं पुढचे भाग वाचले नव्हते, पण शेवट तिनं पडद्यावर बघितला होता.

"शेवटना भाग मनाजोडे व्हता," अक्का म्हणाली. आवाज नेहमीसारखा, अख्ख्या डब्याला ऐकू जाणारा. "मी बठ्ठा वाचेल शे. त्यानी बहीण उनी. त्याले घर लई गयी." पाचव्या भागात कधीच न आलेली बहीण अक्कानं अशी आणली.

त्यानं अक्काकडे नीट बघितलं. मग पिवळं पुस्तक मिटून त्यावर दोन्ही हात ठेवले. हात अजून थरथरतच होते.

"भलता उशीर करा तिनी," तो म्हणाला. "पन उनी."

धरणगाववालीनं पदर तोंडाला लावला आणि ती दुसऱ्या बाजूच्या खिडकीकडे बघायला लागली. मी मांडीवरची पर्स खाली, पायाशी ठेवली. गाडी पाळधीला थांबली, कोणी उतरलं, कोणी चढलं.

सहावा भाग अजून अक्काच्या घरी आहे. ती निवृत्त झाली तेव्हा मी बाकीचे भाग गोळा करून कपाटात लावले, पण तो मी तिच्याकडे मागितला नाही.