छत्रीच्या मुठीनं पोरं निवडणारे गृहस्थ

संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमधून मैदान मोकळं मिळालं, की परळला आम्हा शाळकरी पोरांच्या फुटबॉलच्या मॅचेस व्हायच्या. कडेला एक गृहस्थ शेंगा सोलत उभे असत. कोटावर चळवळीचा बिल्ला, हातात छत्री. एका कॉलेजच्या टीमसाठी ते पोरं हेरत. पसंत पडलेल्या पोराच्या दंडात छत्रीची मूठ अडकवून त्याला बाजूला ओढत. त्याची कॉलेजची फी माफ. मी मॅट्रिकला होतो. फी माफ झाली तर कॉलेज, नाहीतर गिरणीत बदली कामगार, असं वडिलांनी स्वच्छ सांगितलं होतं.

त्या गृहस्थांवर छाप पाडायची म्हणून अनवाणी खेळणाऱ्या मी शेजारच्या दादाचे बूट घातले. मोठे होते, म्हणून आत कापूस कोंबला. पहिल्याच किकला बॉल जागेवर आणि बूट गोलात! मैदान खो खो हसलं. चिडून दुसराही भिरकावला आणि अनवाणी दोन गोल मारले.

मूठ माझ्या दंडात अडकली.

"झकास खेळतोस रे! वडील काय करतात?"

"गिरणीत असतात, साच्यावर."

त्यांनी मूठ सोडवली. "मग तुला गिरणीची टीम आहेच की. कॉलेजातली जागा कशाला अडवतोस?"

टरफलं झटकून ते 'मुंबई आमची' म्हणत सभेकडे निघाले. कुणाची हो, असं त्यांना गचांडी धरून विचारायला हवं होतं. आजही आठवलं की कानशिलं तापतात. आणि तेव्हा मी शहाणा काय म्हणालो?

"थँक यू, सर!"