बरणीच्या बुडाला जीभ

लोणच्याची बरणी घेताना आमची ही तिच्या बुडाला जीभ लावते. भर दुकानात, चारचौघांत. जीभ चिकटली तर ती नुसती भाजकी माती, माठासारखी. पाणी पिणार, तेलही पिणार. नाही चिकटली तर खरी चिनी माती, कडक भट्टीतून निघालेली. तिच्यातून थेंब झिरपत नाही. ही परीक्षा ती माहेरून शिकून आली. ती चालू असताना मी दोन दुकानं पलीकडे जाऊन उगाच घमेल्यांचे भाव विचारतो.

यंदा उन्हाळ्यात ती बरणीसकट ओट्यावरून घसरली. बरणी फुटली, उजवं मनगट मोडलं. रडू मात्र तिला बरणीचं आलं. लेकीचं लग्न झाल्यापासून तिच्याकडे दरवर्षी हिच्या हातचं कैरीचं लोणचं जातं, एकही वर्ष चुकलेलं नाही.

"औंदा लेकीले दुकानातलं खावं लागन," ती म्हणाली.

"मी घालतो, तू खाटेवरून सांग," असं मी म्हणून बसलो.

चिखलीच्या बाजारातून बरणी आणली. तपकिरी गळा, पांढरं पोट, अगदी पहिलीसारखी. जीभ काही लावली नाही. तिथले निम्मे दुकानदार माझे विद्यार्थी. निवृत्त झालो म्हणून काय मास्तरानं बरण्या चाटायच्या?

"जीभ लावून पाह्यली का?" घरी येताच तिनं विचारलं.

"पाहिली," मी बेधडक ठोकून दिलं. तिनं विश्वास ठेवला आणि ती सांगेल तसं मी लोणचं घालून बरणीत भरलं.

आठ दिवसांनी बरणीखालच्या पाटावर तेलाचं कडं उमटलं.

"काऊन हो, हे तेल कुठून येऊन राह्यलं?"

मी खरं सांगून टाकलं. ती चिडली असती तर बरं झालं असतं. ती नुसती भिंतीकडे तोंड करून बसली. इतक्या वर्षांत मला स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती. मग तिकडेच बघत तिनं सांगितलं, की लोणचं पातेल्यात काढा, पण संध्याकाळच्या आत बरणीत गेलं पाहिजे, नाहीतर हातचं जाईल.

तसाच बाजारात गेलो. पहिली बरणी उलटी केली, जीभ लावली, चिकटली. दुसरी, तिसरी, तीच गत. दुकानदार अर्थातच माझ्या वर्गातला.

"सर, सोबत मीठ देऊ का?"

गिऱ्हाइकं खदखदून हसली. मलाही हसू आवरेना. पाचव्या बरणीवरून जीभ अलगद सुटली, तेव्हा मी तिथल्या तिथे टाळी वाजवली.

घरी पोचलो. तिनं बरणीकडे बघितलंसुद्धा नाही.

"जीभ दाखवा."

मी आ करून जीभ बाहेर काढली. शेंड्यापासून मध्यापर्यंत विटकरी झाली होती. तिनं ती नीट निरखली आणि डाव्या हातानं पातेलं माझ्याकडे सरकवलं.

"भरा आता," ती म्हणाली.