केशवराव मास्तर विजयाने परतले

केशवराव मास्तरांनी उभ्या जन्मात काही जिंकलं नव्हतं, आणि पोरांना शिकवायचा शब्द कोणता, तर 'विजयाने'! इचोड्याजवळच्या खेड्यातला हा माणूस निजामाच्या अमलात उर्दू शिकला आणि घरच्या ओसरीवर पोरांना मराठी शिकवत राहिला. अठ्ठेचाळीस साली निजामी गेली, पुढं मराठी वर्ग उघडला, मास्तर सुखावले. आठ वर्षं होतात न होतात तो राज्यं पुन्हा बदलली आणि जिल्हा आंध्रात गेला. सत्तावन्नच्या पावसाळ्यात कागद आला. सोमवारी, सव्वीस ऑगस्टला शाळा तपासायला साहेब येणार. तीस पोरं हजर दिसली नाहीत तर मराठी वर्ग बंद.

मास्तरांनी पोरांना बजावलं, "सोमवारी सगळ्यांनी शाळेत या!" आणि पुन्हा धड्याकडे वळले. "विजयाने म्हणजे नुसतं जिंकणं नव्हे रे. जिंकलेला माणूस कसा येतो, ते त्यात आहे. राजा विजयाने परतला. आता तुमचं वाक्य सांगा."

"राजा विजयाने परतला!" सगळा वर्ग ओरडला.

चौथीतली मनकर्णा मात्र अडून बसली. "गुर्जी, राजाच काऊन? आपल्या गावात कोणीच विजयाने येत नाही का?"

"बस खाली," मास्तर म्हणाले.

सोमवारी साहेब दारात उभे आणि वर्गात पोरं चार! तेव्हा कुठं मास्तरांच्या डोक्यात प्रकाश पडला. काल पोळा झाला, म्हणजे आज पोरांचा तान्हा पोळा! शहाण्यानं इंग्रजी तारीख घोकली, तिथी पाहिलीच नाही. पोरं आपापले लाकडी बैल सजवण्यात दंग असणार.

"बच्चे किधर हैं?" साहेबांनी विचारलं.

तेवढ्यात घुंगरं वाजली. पुढं मनकर्णा, हातात आंब्याच्या पानांचं तोरण. मागं पोरंच पोरं, प्रत्येकाच्या दोरीला चाकांचा बैल. दरसाल मारुतीपुढं लागणारं तोरण तिनं शाळेच्या दाराला बांधलं.

"शाळेत या म्हणले तुमी, अन् बैलबी मिरवायचा होता. मंग पोळा इथंच भरवून राह्यलो आमी!"

साहेबांनी दोनदा मोजलं. "बैल छोड़कर चौंतीस," हसत त्यांनी सही ठोकली. वर्ग वाचला. मास्तर भिंतीला टेकले आणि सगळ्यांदेखत रडले.

संध्याकाळी मास्तर घरी आले, तर दारात बायको मथुराबाई सकाळपासून उभीच होती. "अगं बाई, चपला कुठं तुमच्या?"

मास्तरांनी पायांकडं पाहिलं. घोट्यापर्यंत चिखल, काखेत कुणाचा तरी लाकडी बैल.

"राहू द्या, सांगू नका काही," ती डोळे पुसत म्हणाली. "रोज खाली मान घालून येता. आज दुरूनच समजलं मले. शाळा राह्यली."

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी मनकर्णाच्या हाती खडू दिला. तिनं फळ्यावरच्या 'राजा विजयाने परतला' मधला 'राजा' पुसून तिथं 'गुर्जी' लिहिलं, 'परतला'चं 'परतले' केलं. मग शाळेच्या दारात कालपासून पडलेल्या मास्तरांच्या चपलांकडं पाहून 'गुर्जी'पुढं एक शब्द वाढवला, 'अनवाणी'. मास्तरांनी तो पुसला नाही.