बॉनेटआडचे भावोजी

सकाळी भाकरी तव्यावर होती आणि ताईचा फोन आला. "गेलो गो तो..." एवढंच म्हणाली. मी "कोण?" असं विचारलं, पण विचारायची गरज नव्हती. तोंडवलीच्या किनाऱ्यावर एका होडीचं इंजिन उघडून बसले असताना भावोजींच्या छातीत कळ आली, आणि मालवणला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. पन्नाशीही गाठली नव्हती त्यांनी. आता दीड महिना होत आला. त्यांच्याबद्दल 'होते' असं लिहिताना अजून हात अडतो, आणि देवाचा रागही येतो.

जगन्नाथ त्यांचं नाव. गावात सगळे जगो म्हणत. घरची होडी होती आणि आजूबाजूच्या होड्यांची डिझेल इंजिनं दुरुस्त करायचं काम. ताईने त्यांच्याशी लग्न केलं तेव्हा बाबांनी तिला घर बंद केलं. कसालजवळ आमची काजूची बाग, थोडं भात. होडीवाल्याच्या घरात मुलगी द्यायची नाही, हा बाबांचा हट्ट. पाच-सहा वर्षं तो तसाच टिकला. आई गुपचूप मला काजूगर देऊन तोंडवलीला धाडायची आणि परतताना ताई माझ्या पिशवीत सुके बांगडे भरायची. बाबा ते मिटक्या मारत खायचे, पण कुठून आले हे चुकूनही विचारायचे नाहीत. आमच्या घरातला अबोला असा चवीढवीचा होता.

बाबांची गाडी म्हणजे जुनी, चौकोनी, स्टिअरिंगजवळ गिअर असलेली पेट्रोलची गाडी. आईला दर महिन्याला गोव्याला डॉक्टरांकडे न्यावं लागायचं. दोन हजार तीन-चारच्या सुमारास त्या गाडीने नखरे सुरू केले. वेग कमी केला की बंद पडायची, चढावर आचके द्यायची. एकदा गोव्याच्या हद्दीआधी इन्सुलीच्या नाक्यापाशी ती बसलीच. मागे ट्रकांचे हॉर्न, आत आई घामाघूम, आणि बाबा बॉनेटकडे रागाने बघत उभे. मी कोणालाही न विचारता बूथवरून तोंडवलीला फोन लावला. दुपार टळता टळता भावोजी कोणाची तरी मोटारसायकल घेऊन आले. बाबांनी तोंड फिरवलं. भावोजींनी चोक अर्धा ओढून ठेवला आणि तशीच ती गाडी आम्हाला घरी घेऊन आली. भावोजी मोटारसायकलवरून मागोमाग. वाटेत आईच तेवढी बोलत होती. त्या महिन्याची तपासणी मात्र बुडाली, आणि पुढची बुडू नये म्हणून आईनेच त्यांना रविवारी यायला सांगितलं.

त्यांनी डोकं लावलं ते होडीचं. चोक ओढला की हवा कमी आणि पेट्रोल जास्त जातं. तशी बरी चालते, म्हणजे एरवी पेट्रोल कमी पडतंय. आणि होडीत डिझेल कमी पडलं की नळीत हवा शिरलेली असते, हे तिथलं पोरसुद्धा सांगेल. म्हणून त्यांनी पेट्रोलची नळी सोडली, हाताने पंप मारून हवेचा बुडबुडा राहू दिला नाही, आणि मग होडीवर करतात तसे दिसतील ते सगळे नट पिळून आवळले, हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या कार्बोरेटरचेसुद्धा. गाडी सुरू केली तर आधीपेक्षा वाईट! पडवीत बसलेले बाबा हवेत बोलल्यासारखे म्हणाले, "होडयेचा इंजिन नाय ह्या." भावोजींनी हात पुसले आणि चहा न घेता गेले. आई त्या रात्री जेवली नाही. जावयाला घरात घेण्याची एवढीच एक वाट तिला दिसत होती, आणि तीही बुजली असं तिला वाटलं.

पण पुढच्या रविवारी ते पुन्हा आले. मला म्हणाले, "आठवडोभर तोच विचार केलंय गो. पेट्रोल बरोबर येता. हवाच जास्ती जाता... कार्बोरेटरच्या खालसून खंयतरी वढता." प्लग काढून दाखवले, ते पांढुरके पडले होते, जास्तीच्या हवेची ती खूण. आता इंजिन चालू ठेवून एकेक नळी चिमटीत दाबायची, एकेका सांध्यावर पाण्याचे थेंब सोडायचे आणि पाण्याने फट क्षणभर बुजून आवाज कुठे बदलतो ते ऐकायचं. पण त्यासाठी आत बसून एक्सिलेटर सांभाळणारं माणूस हवं. मला गाडी येत नव्हती, आईला तर नाहीच. आईने बाबांकडे नुसतं बघितलं. बाबा उठले, पायात चपला सरकवल्या आणि स्टिअरिंगमागे जाऊन बसले.

"रेस करा जरा... आता सोडा." भावोजी सांगत आणि बाबा पायाने उत्तर देत. कितीतरी वेळ हेच. मग कार्बोरेटरच्या बुडाशी, मागच्या अंगाला, पाणी पडलं आणि अडखळणारा आवाज एकदम भरला, क्षणभरच. भावोजींच्या आधी बाबा ओरडले, "थंयच! थंयच रे जगो!" कार्बोरेटरची बैठक वाकली होती, मूळची थोडी, बाकी भावोजींनी आवळून वाकवलेली. "ह्या माझाच काम," असं ते हसत कबूल झाले. काचेवर पॉलिशपेपर ठेवून त्यांनी ती घासून सपाट केली, सांध्यातून हवा शिरू नये म्हणून मध्ये नवं गॅस्केट कापून बसवलं. संध्याकाळी दोघं कसालपर्यंत चक्कर मारून आले. उतरताना बाबा म्हणाले, "फुडच्या आयतवारी तिका घेवन ये." आई स्वयंपाकघरात जाऊन रडली, मी बाहेरच रडले.

त्यानंतर कितीतरी रविवार ताई-भावोजी यायचे, आणि जेवणाआधी बॉनेट उघडायचंच. गाडी ठणठणीत. "गाडयेक काय एक झाला नाय, दोघांका बोलूक व्हया," आई म्हणायची. खरंच होतं ते. समोरासमोर बसले की दोघांना शब्द सुचायचे नाहीत. बॉनेट वर असलं की आतल्याला बाहेरचा दिसत नाही. तेवढा आडोसा मिळाला की मग मासळी, काजूचा मोहोर, आईचं दुखणं, सगळं निघायचं. बाबांना पहिला झटका येऊन गेला तेव्हा 'मला भीती वाटते' हे त्यांनी आम्हाला नाही, बॉनेटआडच्या भावोजींना सांगितलं होतं.

तेराव्यानंतर ताई चार दिवस आमच्याकडे आली. ती रडली नव्हती. तिकडेही नाही, इथेही नाही. भांडी घासायची, अंगण झाडायची, विचारलं तेवढंच बोलायची. आम्ही सगळे तिला घाबरून होतो. रविवारी बाबांनी गाडी काढली, बॉनेट वर केलं, इंजिन चालू केलं आणि आत बसून राहिले. पुढे कोणीच नव्हतं. ताईने हातातला झाडू ठेवला आणि जाऊन इंजिनावर वाकली.

"रेस करा, बाबा." बाबांनी केली. "सोडा." सोडली.

"काय ऐकाक येता गो?" बाबांनी विचारलं.

ती नुसती वाकून उभी राहिली. इंजिन एका लयीत चालत होतं. मग आतून बाबांचा आवाज आला, "रड गो बाय... माका दिसणा नाय."