चक्री थांबली होती

"थूल सर गेले तेव्हा मी त्यांच्याकडे जायला निघणारच होते…" हे वाक्य मी गेल्या महिनाभरात दहा जणांना तरी ऐकवलं असेल. ऐकणारा मान हलवतो, च्च च्च करतो आणि विषय संपतो. पण ते खोटं आहे. सरांच्या मुलीचा, सुजाताचा, फोन आला तेव्हा मी हिंगणघाटला माझ्या घरी सोफ्यावर पाय वर घेऊन पडले होते. रविवार होता, टीव्ही चालू होता. "मंदाताई, बाबा गेले. चहा पाजाले गेली तं…" फोन ठेवल्यावरही मी टीव्हीकडेच बघत राहिले, हेही आता लिहून टाकते. रडू यायलासुद्धा अंगात जोर लागतो.

सर आम्हाला आंजी गावच्या शाळेत आठवीपासून इंग्रजी शिकवायचे. बारीक अंगकाठी, पांढरा शर्ट आणि सायकलच्या हँडलला अडकवलेली कापडी पिशवी. त्या पिशवीत त्यांची चक्री असायची. बुटांच्या खोक्याच्या पुठ्ठ्यातून सरांनी स्वतः कापलेली वस्तू. लांबट पट्टीत शेजारी शेजारी दोन खिडक्या आणि मागे दोऱ्याने बसवलेल्या दोन गोल चकत्या. डावी चकती फिरवली की खिडकीत कॅन, मे, मस्ट, शुड, विल यांपैकी एक यायचा. उजवी फिरवली की गो, कम, सिट, ईट, ड्रिंक, ब्रिंग, स्पीक… रोजच्या कामाचे सगळे. रोज एकाने पुढे यायचं, दोन्ही चकत्या डोळे मिटून फिरवायच्या आणि जी जोडी येईल तिचं वाक्य करायचं.

आमची सगळ्यांची खोड एकच. डाव्या शब्दामागून उजवा कधी सरळ यायचाच नाही. कोणी 'ही कॅन गोज' म्हणायचा, कोणी 'मस्ट टू गो'. सर कपाळाला हात लावायचे. "अबे, कॅनच्या संगं टू काऊन पाठवून राह्यला? गो मोठा झाला आता, एकटा जाते तो!" वर्ग हसायचा आणि चूक कायमची सुटायची. आज माझ्या वर्गात स्मार्ट बोर्ड आहे, रंगीत व्हिडिओ आहेत. तरी पोरं 'मस्ट टू गो' लिहितात, आणि मी लाल पेनने टू खोडते. गेल्या पंचवीस वर्षांत मी किती टू खोडले असतील, देव जाणे.

पण चक्रीची खरी गंमत व्याकरणात नव्हती. सरांची अट होती, वाक्य खरं पाहिजे. 'आय कॅन क्लाइंब' म्हणालास तर चल, मैदानातल्या निंबावर चढून दाखव. आणि खिडकीत विल आलं तर मग चक्री थांबायची! बोलणारा ते काम करेपर्यंत तिला कोणी हात लावायचा नाही, खुद्द सरांनीही नाही. फळ्याशेजारच्या खिळ्याला ती तशीच टांगलेली राहायची आणि वर्गाचे चाळीस डोळे त्या एकावर.

माझ्या वाट्याला 'विल स्पीक' आलं. मी त्या वर्गातली सर्वांत मुकी पोरगी. हजेरीलासुद्धा माझा आवाज पहिल्या बाकापर्यंत पोचत नसे. वाक्य तर करायलाच हवं होतं, म्हणून घाबरून 'आय विल स्पीक इन द प्रेयर' असं म्हणून बसले. म्हणजे परिपाठात, अख्ख्या शाळेसमोर! दुसऱ्या दिवशी नाही जमलं. तिसऱ्या दिवशी पोट दुखतं म्हणून मी घरीच राहिले. पोरं चिडली, त्यांचा खेळ माझ्यापायी बंद होता. हेडमास्तर सरांना म्हणाले, "थूल, फिरवा ना ते पुढं, कशाले अडून बसले?" सर म्हणाले, "पोरगी म्हणाली बोलीन, म्हणजे बोलन ते. थांबू ना. घाई कोणाले हाय?" मी दाराशीच उभी होते, मला ऐकू आलं. अकरा दिवस चक्री माझ्यासाठी थांबली. बाराव्या दिवशी मी परिपाठात चार वाक्यं बोलले. वर्गात आल्यावर सरांनी खिळ्यावरून चक्री काढली आणि माझ्या हातात दिली. "घे, फिरव." बस, एवढंच. शाबासकी नाही, काही नाही.

मी शिक्षिका झाले ती त्या चार वाक्यांमुळे, असं मी निरोपसमारंभांत वगैरे सांगत आले आहे. मला नोकरी लागली तेव्हा सरांनी ती चक्रीच मला देऊन टाकली. पहिली दोन वर्षं मी ती वापरलीही. मग अभ्यासक्रम बदलला, परत बदलला, ट्रेनिंगं आली, ऑनलाइन माहिती भरणं आलं, आणि चक्री कपाटात उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याखाली गेली. सर रिटायर होऊन आंजीलाच राहिले. दिवाळीला फोन व्हायचा. "येजो एखाद दिवशी," ते म्हणायचे. "येते सर," मी म्हणायचे.

या उन्हाळ्यात सरांना अर्धांगाचा झटका आला. सेवाग्रामला काही दिवस दवाखान्यात होते, मग घरी आणलं. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. सुजाताचा फोन आला, "ताई, बाबा डाव्या हातानं गोल गोल करून दाखवून राह्यले. पंखा लावून पाह्यला, रेडिओ देऊन पाह्यला, ते नाई नाईच करते. तुम्हाले समजते का काई?" मला तिथल्या तिथे समजलं. सुजाता कन्या शाळेत शिकली, बापाच्या वर्गात ती कधी बसलीच नव्हती. तिला कुठून माहीत असणार!

त्या शनिवारी वर्ध्याला ट्रेनिंग होतं. ते उरकून, कपाटातून शोधून काढलेली चक्री घेऊन तशीच आंजीला गेले. चक्री पाहिल्यावर सरांचा अर्धा चेहरा हसला. मी पट्टी त्यांच्या छातीवर धरली, त्यांनी डाव्या अंगठ्याने चकत्या फिरवल्या. कॅन, ड्रिंक. मी सुजाताला पाणी आणायला सांगितलं. झटक्यानंतर बापाने पहिल्यांदा काही मागितलं होतं आणि ते समजलं होतं. तांब्या घेऊन आली तेव्हा तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. पाणी पिऊन झाल्यावर सरांनी माझ्याकडे पाहिलं. खाटेशेजारी लाकडी खुर्ची होती, तरी मी उभीच होते, पर्स खांद्यावर, लक्ष घड्याळाकडे. त्यांनी उजवी चकती परत फिरवली. कॅन, सिट. बसतेस का?

साडेपाचची एसटी गाठायची होती, घरी स्वयंपाक पडला होता. मी हसून चक्री माझ्याकडे घेतली आणि गमतीने फिरवली. विल, कम. "पुढच्या रविवारी येते सर, निवांत बसू." सरांनी ते दोन शब्द वाचले. चक्री छातीशी घेतली आणि मान हलवली. मी निघाले. आपण काय करून ठेवलं, हे तेव्हा माझ्या ध्यानातही आलं नाही. येते, पाहते, करते… दिवसातून पन्नासदा म्हणतो आपण. त्या शब्दाने काही थांबतं, हे मी कधीच विसरले होते.

पहिल्या रविवारी मतदार याद्यांचं काम निघालं. दुसऱ्या रविवारी पाहुणे. तिसऱ्या रविवारी, खरं सांगते, काहीच काम नव्हतं. थकले होते. पडले होते सोफ्यावर.

सरांच्या स्मरणार्थ ठेवलेल्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला गेले. माणसं पांगल्यावर सुजाताने सरांच्या उशीखाली मिळालेली चक्री आणून दिली. "तुमची ठेव घ्या, ताई. मले वाटलं होतं, हे चक्री आली, आता बाबा बोलत जातीन. पण तुम्ही गेल्या तवापासून हातच नाई लावू दिला त्याईनं. पाणी पाह्यजे असलं की खाटेच्या पाटीवर हात आपटत. मी एकदा फिरवाले गेली तं माझं मनगटच धरलं. काऊन असं करत होते वं ताई?"

खिडकीत माझेच दोन शब्द होते. विल, कम.

बावीस दिवस. त्या माणसापाशी बोलायला उरलेली ती एकच वस्तू होती, आणि ती त्यांनी माझ्यासाठी थांबवून ठेवली. पाण्याचा घोटसुद्धा तिच्यावर मागितला नाही. कारण मी म्हटलं होतं येईन, म्हणजे येईन. सुजाताला मी सगळं सांगितलं, आठवीतले अकरा दिवससुद्धा. वाटलं, ती मला बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. ती फक्त म्हणाली, "हो, दाराकडे पाहत राहत," आणि चहा ठेवायला आत गेली.

खोलीत मी एकटीच राहिले. खाटेवरची गादी गुंडाळलेली होती, शेजारी ती लाकडी खुर्ची. मी आले होते. उशिरा का होईना, आले होते, आणि नियमाप्रमाणे आता चक्री फिरवायला हरकत नव्हती. दोरा सैल झाला होता, चकत्या जपून फिरवाव्या लागल्या. कॅन… सिट. चक्री मी खाटेवर ठेवली, खिडक्या वर करून. पर्स खांद्यावरून काढली आणि खुर्चीत बसले. थोड्या वेळाने रस्त्यावरून साडेपाचची एसटी गेली. मी उठले नाही.